नव्या कृषी-अध्यापकाची पहिली तीन वर्षे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत नाशिक येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या कापडपेढ्यांवर एक रीत असे. नवा गुमास्ता कामावर लागला की त्याला लगेच गिऱ्हाईकासमोर बसवीत नसत. सकाळी ताके झाडून लावायचे, दाखविलेला माल पुन्हा घडी घालून जागच्या जागी ठेवायचा, आणि दिवसभर जुन्या माणसाच्या उजव्या हाताशी उभे राहून तो गिऱ्हाईकाशी कसा बोलतो हे ऐकायचे, एवढेच त्याचे काम. पोत बोटाला कळू लागले, भाव तोंडपाठ झाले आणि मुख्य म्हणजे चूक झाल्यास ती कोणाला सांगायची हे समजले, की मग त्याला गादीवर जागा मिळे. येवल्याच्या पैठणीच्या घरांतही निराळे काही नाही. कांड्या भरण्यापासून आरंभ होतो आणि मोर किंवा मुनिया विणण्याचे काम हाती येण्यापूर्वी शिकाऊ हात कितीतरी दिवस जाणत्या हाताशेजारी बसलेला असतो. व्यापारात आणि कारागिरीत जे इतके साधे मानले जाते, ते शिक्षणाच्या क्षेत्रात, आणि विशेषतः शेतीच्या शिक्षणात, का मानले जात नाही, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कृषी महाविद्यालयात नेमणूक झालेल्या तरुण अध्यापकाचे पहिले वर्ष क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. तो चोवीस-पंचवीस वर्षांचा आहे. एम.एस्सी. (कृषी) उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला आहे, पात्रता परीक्षा दिलेली आहे. त्याचा प्रबंध एखाद्या पिकावरील एखाद्या रोगासंबंधी, किंवा मातीतील एखाद्या अन्नद्रव्यासंबंधी आहे. त्या चिमूटभर विषयाचे त्याचे ज्ञान खरोखर चोख आहे. परंतु नोकरीवर रुजू होताच त्याच्या हाती जे वेळापत्रक येते त्यात तीन-चार निरनिराळे विषय असतात, प्रात्यक्षिके असतात, आणि त्यांपैकी निम्म्या गोष्टी त्याने स्वतः विद्यार्थिदशेत परीक्षेपुरत्या वाचलेल्या असतात. अध्यापन कसे करावे याचे प्रशिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. शाळेतील शिक्षकाला बी.एड. करावे लागते, महाविद्यालयातील अध्यापकाला तशी अट नाही. ज्याला विषय येतो त्याला शिकविता येते, असे गृहीत धरले गेले आहे. या गृहीतकाची फेड तरुण माणूस पहिल्या वर्षी वर्गात उभा राहून करतो.

त्यातही शेतीचा अध्यापक आणि इतर विषयांचा अध्यापक यांत एक मोठा फरक आहे. इतिहासाच्या प्राध्यापकासमोर पानिपतावर लढून आलेला विद्यार्थी बसलेला नसतो. शेतीच्या अध्यापकासमोर मात्र सकाळी बागेत औषध मारून, अंघोळ करून, दुचाकीवरून वर्गात आलेला मुलगा बसलेला असतो. नाशिक जिल्ह्यात तर ही गोष्ट पदोपदी प्रत्ययास येते. पुस्तकात द्राक्षाच्या दोन छाटण्या सांगितलेल्या असतात: एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील फळछाटणी. अकोल्याकडून किंवा परभणीकडून शिकून आलेला नवा अध्यापक तेच फळ्यावर लिहितो. मागच्या बाकावरचा सटाण्याकडचा विद्यार्थी उठून सांगतो, की आमच्याकडे फळछाटणी जुलै-ऑगस्टमध्येच होऊन गेली. बागलाण आणि देवळा भागात पावसाचा धोका पत्करून लवकर छाटणी करतात आणि हंगामाआधी माल काढून चांगला भाव मिळवितात, ही गोष्ट नाशिकच्या बाजारात सर्वांना ठाऊक आहे. ती त्या अध्यापकाला मात्र कोणी सांगितलेली नसते. कांद्याचेही तेच. पोळ, रांगडा आणि उन्हाळ हे तीन शब्द लासलगावच्या आवारात लहान मूलही बोलते. विदर्भातल्या कापूस-संत्र्याच्या मुलखातून आलेल्या माणसाला ते पहिल्यांदा ऐकावे लागतात. येथे विद्वत्तेचा प्रश्न नाही. परंतु वर्ग हसतो, आणि त्या हसण्यानंतर दोन वाटा फुटतात.

एक वाट अशी, की अध्यापक मोकळेपणाने म्हणतो, ‘हे मला ठाऊक नव्हते, तुझ्या वडिलांची बाग पाहायला येऊ का?’ दुसरी वाट अशी, की तो विद्यार्थ्याला खाली बसवितो, पुढच्या तासापासून प्रश्न घेणे बंद करतो आणि टिपणे उतरवून देऊ लागतो. पहिली वाट धरण्यास धैर्य लागते, आणि ते धैर्य पुष्कळदा पाठीशी कोणी उभे आहे या जाणिवेतून येते. दुसऱ्या वाटेने गेलेला माणूस वाईट नसतो. तो एकटा असतो. तीच टिपणे मग दहा-वीस वर्षे चालतात.

टिपणे जुनी राहिली तर काय होते, याचा धडा नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना २०१० साली मिळाला. वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराईड हे संजीवक वापरण्याची पद्धत बागायतदारांत रुळलेली होती. युरोपात तपासणी झाली तेव्हा त्याचा अंश तेथील मर्यादेहून, म्हणजे किलोला ०.०५ मिलिग्रॅमहून, अधिक आढळला आणि निर्यात केलेले कंटेनर अडकून पडले. बागायतदारांना त्या हंगामात मोठा फटका बसला. याचे खापर कोणा अध्यापकावर फोडण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर ज्याने वर्गात संजीवकांचा धडा शिकविला, त्याला हे ठाऊक असणे आवश्यक होते. आणि नव्या माणसाला ते ठाऊक करून देणारे कोणी तरी वडीलधारे शेजारी असणे त्याहून आवश्यक होते. कापडाच्या दुकानात नव्या गुमास्त्याने चूक केली तर एक ताका फुकट जातो. येथे चुकीचा सल्ला साठ विद्यार्थ्यांबरोबर साठ घरी जातो, आणि त्या घरांवर सोसायटीचे कर्ज असते.

हे सर्व नवे आहे असे नव्हे. महाराष्ट्रात शेतीच्या उच्च शिक्षणाचा आरंभ १८७९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजला जोडलेल्या वर्गापासून झाला. पुढे स्वतंत्र कृषी महाविद्यालय निघाले आणि १९०७ साली डॉ. हॅरॉल्ड मॅन तेथे प्राचार्य म्हणून आले. मॅनसाहेब रसायनशास्त्रज्ञ. त्यापूर्वी ते चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करीत होते. दख्खनच्या शेतकऱ्याविषयी त्यांना आरंभी फारशी माहिती असण्याचे कारण नव्हते. परंतु त्यांनी एक गोष्ट केली, जी आजही विचारात घेण्याजोगी आहे. पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे लहानसे गाव त्यांनी निवडले आणि महाविद्यालयातील तरुण सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्याचा संपूर्ण अभ्यास केला. जमीन, विहिरी, पिके, गुरे, कर्ज, कुटुंबाचे उत्पन्न आणि खर्च, काहीही सोडले नाही. १७७१ साली त्या गावात सरासरी धारणा ४० एकरांची होती; १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली होती, हे त्या पाहणीतून पुढे आले. आज त्या गावात उंच इमारती उभ्या आहेत आणि शेत शोधावे लागते, ही गोष्ट वेगळी.

हा अभ्यास १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यावर मॅनसाहेबांच्या नावाबरोबर सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे या सहकाऱ्यांची नावे आहेत. परंतु खरी गंमत दुसऱ्या ग्रंथात आहे. जातेगाव बुद्रुक या गावाचा तसाच अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध झाला, त्या वेळी मुखपृष्ठावर दोनच नावे होती: मॅन आणि ना. वि. कानिटकर. पहिल्या पुस्तकात जो अनेकांतला एक होता, तो दुसऱ्यात सहलेखक झाला. पुढे हेच कानिटकर सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधनाशी जोडले गेले. १९३३ साली तेथे ते काम सुरू झाले आणि बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी अशा उपायांची जी पद्धत ‘मुंबई पद्धत’ म्हणून देशभर ओळखली गेली, तिच्या मागे त्यांचे परिश्रम होते. भारतातील कोरडवाहू शेतीवरील त्यांचा ग्रंथ १९४४ साली निघाला. मॅनसाहेब १९२७ सालीच निवृत्त होऊन मायदेशी गेलेले होते.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक तर प्राचार्य स्वतः गावात गेला. ‘तुम्ही जाऊन या आणि अहवाल द्या’, असे त्याने तरुणांना सांगितले नाही. दुसरे, काम झाल्यावर श्रेय वाटून दिले. आपल्याकडील अनेक संस्थांतून आज नेमके उलट होते, असे खेदाने म्हणावे लागते. नवा माणूस तरुण आहे, अविवाहित आहे, त्याला घरी जायची घाई नाही, तेव्हा राष्ट्रीय सेवा योजना त्याच्याकडे, स्नेहसंमेलन त्याच्याकडे, तपासणी समितीसमोर ठेवायच्या फायली त्याच्याकडे, आणि ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या विद्यार्थ्यांची देखरेखही त्याच्याकडेच. ज्येष्ठांनी कनिष्ठाला हाताशी धरणे आणि ज्येष्ठांनी कनिष्ठाला हाताखाली धरणे यांतला फरक पुष्कळ ठिकाणी पुसला गेला आहे.

‘रावे’ या नावाने ओळखला जाणारा हा कार्यानुभव श्रोत्यांच्या परिचयाचा असेलच. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी गटागटाने गावात जाऊन राहतात. मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. ‘गावात कृषिदूतांचे स्वागत’ अशा मथळ्याची बातमी छायाचित्रासह दरवर्षी स्थानिक वृत्तपत्रांत येते. बीजप्रक्रिया, माती परीक्षणासाठी नमुना घेणे, निंबोळी अर्क तयार करणे, अशी प्रात्यक्षिके ते शेतकऱ्यांना दाखवितात. उपक्रम उत्तम आहे. परंतु त्यांच्याबरोबर जाणारा तरुण अध्यापक स्वतः त्या गावात पहिल्यांदाच आलेला असतो. निफाडच्या शेतकऱ्याने त्याला विचारले, की डाऊनीचा डाग पानावर दिसतो आहे, पाऊस थांबलेला नाही, आज फवारू की उद्या, तर उत्तर देण्यासाठी त्याला कोणाला तरी दूरध्वनी करता आला पाहिजे. ज्याच्याकडे असा एक क्रमांक आहे तो अध्यापक वाचतो. ज्याच्याकडे नाही तो औषध-दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतो. औषध-दुकानदाराविषयी अनादर नाही; परंतु तो व्यापारी आहे, आणि व्यापारी आपला माल आधी पाहतो, हे व्यापाऱ्यांच्या या सभेत निराळे सांगण्याची गरज नाही.

तरुण अध्यापिकांची अडचण आणखी वेगळी. कृषिकन्या म्हणून शिकलेल्या मुली आता मोठ्या संख्येने अध्यापनात येत आहेत, ही अभिमानाची गोष्ट. परंतु बांधावर उभ्या राहिलेल्या बाईंना शेतकरी प्रश्न विचारीत नाही. तो त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारतो. बाई उत्तर देतात तेव्हाही तो त्या मुलाकडे पाहूनच मान हलवितो. गावात मुक्काम करायचा तर राहायचे कोठे, हा प्रश्न असतोच. अशा वेळी दहा-पंधरा वर्षे हेच केलेली एखादी अनुभवी बाई पहिल्या दोन फेऱ्यांना बरोबर आली, तर पुष्कळ गोष्टी न बोलता सुटतात. कोणत्या घरी आधी जावे, घरातल्या कोणत्या आजींशी आधी बोलावे, आणि कांद्याच्या रोपवाटिकेचे खरे काम घरातील स्त्रियाच करतात हे लक्षात घेऊन प्रश्न कोणाला विचारावा, हे पुस्तकात नाही.

केंद्र सरकारच्या पातळीवर या प्रश्नाचा विचार झालाच नाही असे नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७६ साली हैदराबादला एक अकादमी स्थापन केली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या कृषी संशोधन सेवेत निवड झालेल्या नव्या शास्त्रज्ञांना तेथे पायाभूत प्रशिक्षण दिले जाते, आणि त्यात खेड्यात जाऊन राहण्याचाही समावेश असतो. अमेरिकेत १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतील कृषी-शिक्षणाला सरकारी पैसा मिळू लागला तेव्हा एक अट घातली गेली: विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने शेतावर देखरेखीखाली प्रत्यक्ष काम केले पाहिजे. त्यामुळे तेथील कृषी-शिक्षकाला विद्यार्थ्याच्या शेतावर जाणे भागच पडले. शिक्षक शिकला तो असा, शेजारच्या बांधांवरून. आपल्याकडे जो तरुण खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात, कधी तर तासिका तत्त्वावर, कामाला लागतो, त्याच्यासाठी मात्र ना अकादमी आहे ना तशी अट. तो सोमवारी रुजू होतो आणि मंगळवारी त्याचा पहिला तास असतो.

पगाराविषयी बोलावे की नाही, असा संकोच वाटतो. पण बोललेच पाहिजे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला सुट्टीतला पगार नाही. मग तो सुट्टीत काय करतो? खते-औषधांच्या कंपनीत प्रतिनिधी म्हणून जागा शोधतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, किंवा बँकेत कृषी अधिकाऱ्याच्या जागेसाठी अर्ज करतो. त्याला दोष कसा देणार? घरी बहिणीचे लग्न असते आणि शेत विहिरीच्या पाण्यावर असते. तिसऱ्या वर्षापर्यंत जो टिकतो तो बहुधा पुढे टिकतो. पण तेथपर्यंत पोहोचण्याआधी पुष्कळ चांगली मुले निघून जातात, आणि महाविद्यालय पुन्हा एका नव्या मुलाला पहिल्या दिवशी वर्गात उभे करते.

आता नाशिकपुरते बोलावयाचे, तर या शहराची आणि जिल्ह्याची स्थिती तशी भाग्याची आहे. येथील कृषी महाविद्यालये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचे संशोधन केंद्र आहे. पिंपळगाव बसवंतला कांदा आणि द्राक्ष यांवर काम चालत आले आहे. ‘बसवंत ७८०’ हे कांद्याचे वाण त्या गावाचे नाव घेऊन शेतोशेती गेले. चितेगाव फाट्याला राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचे केंद्र आहे. ही संस्था १९७७ साली स्थापन झाली. इगतपुरीला भाताचे काम. गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली डॉ. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली ते सुरू झाले, आणि शेतीचे शिक्षण शेतकऱ्याला मराठीतून, शेत न सोडता घेता यावे, हा विचार त्याने प्रत्यक्षात आणला. त्याच्या आवारात कृषी विज्ञान केंद्रही आहे. एका जिल्ह्यात एवढ्या जागा, आणि त्यांपैकी अनेक शहरापासून तासाभराच्या वाटेवर. तरीही नव्या अध्यापकाने पहिल्या वर्षात यांपैकी किती ठिकाणी पाऊल ठेवलेले असते, हे एकदा विचारून पाहावे.

नाशिकशी जोडलेला आणखी एक धागा आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या आणि नाशिकमध्ये हं. प्रा. ठा. महाविद्यालय चालविणाऱ्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९४९ साली डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर कृषी-शिक्षणाची संस्था काढली. वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये राहून शिकवायचे, तर शिकविणाऱ्यालाच आधी तेथील जमीन, पाऊस आणि माणसे शिकावी लागणार, हे उघड होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ याही १९५७ साली त्याच टेकडीवर आल्या. त्यांचे काम बालशिक्षणाचे, शेतीचे नव्हे. परंतु पाड्यावरच्या नव्या शिक्षिकेला एकटे सोडायचे नाही, तिच्याबरोबर अंगणवाडीत जाऊन बसायचे, हा त्यांचा शिरस्ता कोणत्याही विषयाच्या शिक्षकाला लागू पडावा.

आणि द्राक्षाचा विषय निघाला असता श्री. अ. दाभोलकर यांचे नाव टाळता येत नाही. हे गृहस्थ गणिताचे प्राध्यापक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठातले. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाने शेतकऱ्यांचे जाळे विणले. ज्याने आपल्या बागेत काही करून पाहिले त्याने ते इतरांना कळवावे, चुकले तेही कळवावे, आणि सर्वांनी मिळून पुढचे पाऊल ठरवावे, अशी ती रीत. महाराष्ट्रातील द्राक्षशेतीच्या प्रगतीत या परस्परांच्या शिकण्याचा वाटा मोठा आहे. जे शेतकऱ्यांनी आपसांत केले, ते अध्यापकांना आपसांत करता येऊ नये काय? एकाच जिल्ह्यात वेगवेगळ्या महाविद्यालयांतून पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेले तरुण अध्यापक महिन्यातून एका रविवारी एका बागेत भेटले, चहा घेतला आणि या महिन्यात वर्गात कोणता प्रश्न निरुत्तर करून गेला एवढेच एकमेकांना सांगितले, तर त्यास परिपत्रकाची गरज नाही. मात्र अशा बैठकीत प्राचार्यांनी बसू नये. ते बसले की तरुण मंडळी चुका सांगत नाहीत, यशोगाथा सांगतात.

येथे सभागृहात बसलेल्या मंडळींपैकी अनेकजण निरनिराळ्या शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत, देणगीदार आहेत. त्यांना एक अप्रिय गोष्ट सांगण्याचे धाडस करणे भाग आहे. देणगी इमारतीला मिळते. दालनाला मिळते, प्रवेशद्वाराला मिळते, संगणक-कक्षाला मिळते, कारण तेथे संगमरवरी पाटी लावता येते. तरुण अध्यापकाच्या पहिल्या वर्षाला पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी कोणी देणगी देत नाही. वास्तविक लागणारी रक्कम इमारतीच्या मानाने हसण्यावारी नेण्याइतकी लहान आहे. पहिल्या सत्रात नव्या माणसाचा एक विषय कमी करून तो तास एखाद्या निवृत्त प्राध्यापकाकडे द्यायचा, तर त्या प्राध्यापकाचे मानधन. राहुरीहून निवृत्त होऊन नाशिकमध्ये स्थायिक झालेले कृषी-शास्त्रज्ञ शहरात कमी नाहीत. सकाळी गंगापूर रोडला फिरायला जाणाऱ्यांत त्यांतले कितीतरी भेटतात. त्यांना कोणी बोलावीत नाही, एवढेच. त्यांच्यापैकी एकाने आठवड्यातून एकदा नव्या अध्यापकाच्या तासाला मागे बसावे. वर्गात चकार शब्द काढू नये. नंतर उपाहारगृहात बसून दोनच गोष्टी सांगाव्यात, एक चांगली आणि एक सुधारण्याजोगी. त्याने गोपनीय अहवाल लिहू नये. अहवाल लिहिणाऱ्याला कोणी मनातले सांगत नाही.

दुसरा खर्च प्रवासाचा. निफाड, पिंपळगाव, चितेगाव, इगतपुरी, सटाणा: वर्षातून आठ-दहा फेऱ्या, बसभाडे आणि एक दिवसाची पगारी रजा. हल्ली वेळापत्रक आणि पीक यांचे जुळत नाही, ही मोठी अडचण आहे. फळछाटणी सत्राच्या मध्यावर येते, मण्यांची विरळणी आणि संजीवकाच्या द्रावणात घड बुडविणे परीक्षेच्या तोंडावर येते, आणि खरड छाटणीच्या वेळी महाविद्यालयाला सुट्टी लागते. छाटणीचा धडा मात्र अभ्यासक्रमाच्या क्रमाने, कधी कधी फेब्रुवारीत, कात्री कोठेही चालू नसताना शिकविला जातो. अनुभवी अध्यापक धडे पुढे-मागे करून घेतो. नव्याला तेवढे धैर्य नसते. त्याला कोणी तरी ज्येष्ठाने ‘खुशाल पुढे घे, मी पाहतो’ असे म्हणावे लागते.

तिसरी गोष्ट जमिनीची. महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर नव्या अध्यापकाच्या नावाने दहा गुंठे जमीन असावी. तीत त्याने त्या भागातले पीक स्वतः घ्यावे. मजूर लावावा, खत घालावे, पाण्याची पाळी चुकवून पाहावी, आणि शेवटी हिशेब मांडावा. पीक बुडाले तर बुडू द्यावे. ज्याने एकदा स्वतः कांदा चाळीत भरला आणि जुलैत सडलेला कांदा निवडून बाहेर टाकला, त्याचा साठवणुकीवरचा तास आणि पुस्तकातून शिकविणाऱ्याचा तास यांतला फरक विद्यार्थ्याला पाच मिनिटांत कळतो. या दहा गुंठ्यांचा जमाखर्च मांडण्याच्या कामी व्यापारी मंडळींचीही मदत होऊ शकेल. बी.कॉम. झालेल्या माणसाला पिकाचे नाव कदाचित ओळखता येणार नाही, पण नफा कोठे गळतो हे त्याला दिसते, आणि शेतीच्या अध्यापकांना नेमके हे शिकविणारे कोणी मिळत नाही. रोजमेळ आणि खतावणी ठेवणारा अध्यापक विद्यार्थ्यालाही ती ठेवायला लावील.

काही मंडळी म्हणतील, की इतके लाड कशाला? पूर्वीच्या अध्यापकांना कोणी हात धरून शिकविले होते? हा प्रश्न नेहमी ज्येष्ठांकडूनच येतो, आणि त्यांना थोडे खोदून विचारले की बहुतेकांच्या बोलण्यात एखादे नाव निघतेच. कोणी विभागप्रमुख, कोणी प्रक्षेत्रावरचा जुना मुकादम, कोणी प्रयोगशाळेतला परिचर. मुकादमाने तर कितीजणांना कलम बांधायला शिकविले असेल, याची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात नाही. पूर्वी हे आपोआप घडे, कारण महाविद्यालये थोडी होती, माणसे एकाच वसाहतीत राहत आणि प्रक्षेत्रावर जुनी माणसे होती. आता महाविद्यालये वाढली, वसाहती उरल्या नाहीत आणि मुकादमाच्या जागी कंत्राटदार आला. जे आपोआप होत होते ते आता ठरवून करावे लागेल.

उन्हाळी सुट्टी संपत आली की मुलाखती सुरू होतात. या वर्षीही जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत काही नवे चेहरे येतील. त्यांची नावे मिळविणे अवघड नाही. सटाण्याकडच्या बागा जुलैत छाटणीला येतात; तेव्हा त्यांना एका गाडीतून तेथे नेऊन आणण्याचा खर्च एका कार्यक्रमाच्या हारतुऱ्यांहून अधिक येणार नाही, आणि बरोबर जाण्यास तयार असलेल्या दोन निवृत्त प्राध्यापकांनी आपला होकार अगोदरच कळविला आहे.